बायचे नॉर्मल रिपोर्ट

पाच वर्षं मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगत होते की तिच्या किडन्या ठीक आहेत. नुसतं तोंडी नाही, कागदावर छापून देत होते.

मालवणच्या बाजारात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तेवीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त काढते, मशीनला लावते, आलेले आकडे बघते, रिपोर्ट छापून पाकिटात घालते. सही दुसऱ्याची असते, पण पाकीट देणारा हात माझा. लोक आकडे वाचत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "बरा आसा मा?" मी म्हणते, "नॉर्मल आसा." ते पाकीट न उघडताच निघून जातात.

मोठ्या बहिणीला आम्ही बाय म्हणतो. ती देवबागला दिलेली. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर तिच्या घराच्या चार खोल्या पर्यटकांना दिलेल्या असतात. भावोजी खोल्या बघतात, पाण्याचा पंप बघतात, गिऱ्हाइकांशी बोलतात. जेवण सगळं बायचं. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत ती चुलीशी उभी. सुरमई तळायची, तिसऱ्यांचं सुकं करायचं, वडे थापायचे, सोलकढी गाळायची. अंगानं ती पहिल्यापासून बारीक. वजन शेहेचाळीस किलोच्या वर कधी गेलं नाही. गुडघे मात्र पन्नाशीतच गेले. त्यावर ती दुखण्याची गोळी घ्यायची, सकाळी एक आणि दुपारची भांडी घासून झाली की एक. मेडिकलवाला मागितली की देई. आमच्या फॅमिली डॉक्टरांना ते ठाऊक होतं. सीझनमध्ये फारच दुखलं तर तेही एक इंजेक्शन देत.

रक्तदाब वाढल्यापासून दर वर्षी पाऊस संपता संपता ती माझ्याकडे रक्त द्यायला यायची. क्रिएटिनिन म्हणजे किडनीच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा. पहिल्या वर्षी तो शून्य पॉइंट नऊ होता. मग एक. मग एक पॉइंट एक, पुन्हा एक पॉइंट एक, आणि पाचव्या वर्षी एक पॉइंट दोन. आमच्या कागदावर उजवीकडे मर्यादा छापलेली असते, शून्य पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन. आकडा मर्यादेबाहेर गेला की मशीन तो ठळक छापतं. बायचा आकडा कधी ठळक आला नाही.

पाचव्या वर्षी तिनं मला विचारलं होतं, "मगे पाय कित्याक सुजतत गो?"

"दिवसभर उभी ऱ्हवतंस म्हणान," मी म्हटलं.

"आणि लघवीक फेस येता तो?"

"पाणी कमी पितंस."

हे मी म्हटलं. त्या फॅमिली डॉक्टरांनी नाही, लॅबच्या मालकानं नाही. मी. दुसऱ्यांवर रागवायच्या आधी हे लिहून ठेवायला हवं.

पुढच्या मे महिन्यात घर गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना बायला उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. अंगात ताप, पोटात पाणी ठरत नाही आणि तशातही दुखण्याच्या गोळ्या चालूच, कारण उभं राहायलाच हवं होतं. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरातच खाली बसली ती उठेना. भावोजींनी मला फोन केला. मी घरी जाऊन रक्त काढलं आणि लॅबला येऊन मशीनला लावलं. दोन पॉइंट सहा. मी नमुना पुन्हा लावला. दोन पॉइंट सहाच.

गाडी करून आम्ही तिला गोव्याला नेलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात आठ दिवस सलाईनवर राहिल्यावर आकडा उतरला, पण एक पॉइंट सहाच्या खाली काही जाईना. किडनीच्या डॉक्टर तरुण होत्या, तिशी-बत्तिशीच्या. त्यांनी जुने रिपोर्ट मागितले. मी अभिमानानं फाइल पुढे केली. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं.

त्यांनी पाचही कागद ओळीनं टेबलावर मांडले.

"ईजीएफआर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे छापत नाहीत."

"का?"

ईजीएफआर मला माहीत नव्हतं असं नाही. क्रिएटिनिन, वय आणि बाई की पुरुष एवढं घेऊन किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज काढायचा, इतकं ते साधं आहे. कोल्हापूर-मुंबईच्या लॅबचे रिपोर्ट माझ्या हातात येत. त्यांवर ती ओळ मी शेकडो वेळा बघितली होती.

डॉक्टरांनी एक पॉइंट दोनवर बोट ठेवलं. "हे नॉर्मल आहे, पण कोणासाठी? भरल्या अंगाच्या तरुण पुरुषासाठी. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ह्यांच्या अंगावर आहे काय? साठी ओलांडलेली, शेहेचाळीस किलोची बाई. ह्यांचं एक पॉइंट दोन म्हणजे किडनी निम्म्यावर आली होती. आणि बघा, दर वर्षी थोडं थोडं वर चढतंय. पाच कागद शेजारी ठेवले असते तर कोणालाही दिसलं असतं."

बाय पलंगावर बसून ऐकत होती. मला वाटलं तिला कळलं नसावं. तिला सगळं कळलं होतं.

मग त्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. त्या म्हणाल्या की हा आजार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. आधी कितीतरी वर्षं रक्तदाबाची गोळी द्यायची आणि वाट बघायची, याहून फारसं काही हातात नव्हतं. गेल्या काही वर्षांत एकामागून एक औषधं आली. मधुमेहासाठी निघालेली एक गोळी किडनीचा ऱ्हास मंदावते हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं, आणि लघवीतून प्रथिनं जात असतील तर साखर नसलेल्यांनाही तिचा उपयोग होतो हेही दिसलं. आता ती बऱ्याच कंपन्या करतात, त्यामुळे पूर्वीसारखी महागही नाही. तिच्या जोडीला आणखी एक नवी गोळी आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. "यातलं काहीही गेलेली किडनी परत आणत नाही," त्या म्हणाल्या. "उरलेली टिकवतं. म्हणून लवकर कळायला हवं. लवकर कळलं तर डायलिसिस कितीतरी वर्षं पुढे ढकलता येतं. काहींना लागतही नाही."

मी विचारलं, "ही गोळी पाच वर्षांपूर्वी होती?"

"होती," त्या म्हणाल्या. "ह्या उपयोगासाठीसुद्धा हळूहळू द्यायला लागलो होतो."

परतीच्या वाटेवर भावोजी पुढे ड्रायव्हरशी बोलत होते. बाय खिडकीला टेकून डोळे मिटून होती. माझ्या मांडीवर ती फाइल होती आणि ती उचलून खिडकीबाहेर फेकावी असं मला वाटत होतं. जगात कुठेतरी माणसं वर्षानुवर्षं खपली, हजारो रोग्यांवर गोळी तपासली, शोध लागला, औषध स्वस्त झालं, बाजारात माझ्या लॅबपासून चार दुकानांवरच्या मेडिकलच्या फळीवर येऊन बसलं. आणि माझ्या बहिणीपर्यंत ते पोचलं नाही, कारण मधल्या एका कागदावर एक ओळ नव्हती.

गोळी सुरू झाली. दुखण्याच्या गोळ्या बंद. गोव्याच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढेल, घाबरायचं नाही, गोळी सोडायची नाही. पुन्हा उलट्या-जुलाब झाले तर मात्र तेवढे दिवस थांबवायची आणि फोन करायचा. हे सगळं त्यांनी फॅमिली डॉक्टरांच्या नावानं लिहूनही दिलं होतं.

तीन आठवड्यांनी आकडा एक पॉइंट सात आला. बाय रक्तदाब मोजायला फॅमिली डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी रिपोर्ट बघितला, गोळ्यांची पाकिटं बघितली आणि ती गोळी बाजूला काढली. हे मला ताबडतोब कळलं नाही. पावसाळा होता, देवबागच्या रस्त्यावर पाणी आलं होतं, आमचं बोलणं फोनवरच होई. "गोळये घेतंस मा?" मी विचारायची. "घेतंय," ती म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती. बाकीच्या घेतच होती.

श्रावण संपता संपता तिच्या घरी गेले तेव्हा डब्यात ती गोळी दिसली नाही.

"ती बंद केल्यानी," बाय म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तुका साखर नाय, साखरेची गोळी कित्याक खातंस? आणि तेणां किडनीचा वाढला म्हणाले."

"आणि तू माका सांगूक नाय?"

"तू नॉर्मल सांगतंस, ते बंद कर सांगतत, गोव्याची सुरू कर सांगता. मी कोणाचा आयकू?"

त्याच दिवशी मी तिचं रक्त आणि लघवी घेऊन आले. क्रिएटिनिन एक पॉइंट नऊ. लघवीतून जाणारी प्रथिनं मोजायला नमुना बाहेर पाठवावा लागला, कारण ती तपासणीही आमच्याकडे होत नव्हती. उत्तर आलं. गोव्यात होती त्यापेक्षा कितीतरी जास्त.

तो कागद घेऊन मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात बाकं भरलेली होती. हा माणूस वाईट नाही. पुरात होडीनं देवबागला जाऊन त्यानं लोकांना तपासलंय. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत तो रोज घरी येत होता. हे सगळं मला आठवत होतं आणि तरीही माझा नंबर यायची वाट न बघता मी आत शिरले.

"डॉक्टर, बायची गोळी का बंद केलीत?"

"साखर नाही तिला. आणि क्रिएटिनिन वाढत होतं."

"वाढणार म्हणून पत्रात लिहिलं होतं. साखर नसताना का दिली तेही लिहिलं होतं. ते पत्र तुमच्याच फाइलला लावलंय."

त्यांनी फाइल उघडली. पत्र होतं. घडी तशीच होती, टाचणीही तशीच.

"अहो, चार चार पानांची पत्रं वाचायला वेळ आहे का मला? बाहेर बघा किती लोक बसलेत."

"मी वाचलं," मी म्हटलं.

"तुम्ही टेक्निशियन आहात. औषधांत पडू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसावर ओरडले. मी म्हटलं, "दोन महिने गेले तिचे. दुखण्याची गोळी वर्षानुवर्षं चालू होती तेव्हा तुम्हाला किडनी आठवली नाही. आणि किडनी वाचवणारी गोळी आली, ती तेवढी एका मिनिटात बंद केलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "आणि तिचे नॉर्मल रिपोर्ट कोण देत होतं?"

मी तिथून निघाले. रस्त्यात कोणी हाक मारली असेल तर मला ऐकू आली नाही.

गोव्याला फोन करून गोळी पुन्हा सुरू केली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडल्यावर, रक्त द्यायला माणसं यायच्या आधी, मी रिपोर्टच्या कॉम्प्युटरसमोर बसले. तेवीस वर्षांत ज्या पानावर मी कधी गेले नव्हते त्या सेटिंगच्या पानावर गेले. तपासण्यांची लांब यादी होती. तिच्या तळाशी, आपोआप काढून मिळणाऱ्या आकड्यांत, ईजीएफआर होतं. समोर एक छोटा चौकोन होता. रिकामा.

वय आम्ही टाकतोच. बाई की पुरुष तेही टाकतो. क्रिएटिनिन मशीन देतंच. फक्त त्या चौकोनात टिचकी मारायची होती.

मी मारली.

मालक अकराला आले. वयानं माझ्याहून लहान, मला ताई म्हणणारे. मी विचारलं, "हे कोणी बंद करून ठेवलं होतं?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा तसंच आलं होतं."

कोणी मुद्दाम केलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता. इथे धरायला गळाच नव्हता. माझ्या गळ्याखेरीज.

दुपारपर्यंत दोन डॉक्टरांचे फोन आले. ही नवी ओळ काय छापलीय? पेशंट विचारतात, घाबरतात, उगाच आमचा वेळ जातो. संध्याकाळी मालकांनी चौकोन पुन्हा रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून मी ती ओळ हातानं लिहायला लागले. प्रत्येक क्रिएटिनिनखाली, लाल पेनानं. चौथ्या दिवशी मालकांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"ताई, लॅब माझी आहे."

"मग रक्त तुम्ही काढा," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

सह्या करणारे पॅथॉलॉजिस्ट दर गुरुवारी यायचे. तो गुरुवारच होता, ते दारातच भेटले. काय झालं म्हणून विचारलं, मालकांनी सांगितलं. ते गोंधळून म्हणाले, "म्हणजे? ईजीएफआर आपल्या रिपोर्टवर नाही? मला वाटलं आहेच."

त्यांच्या सहीचे हजारो कागद मी माझ्या हातानं वाटले होते. त्यांतला एकही त्यांनी वाचला नव्हता. पण त्यांनी मालकांना तिथल्या तिथे सांगितलं की ही ओळ हवीच, आणि ओळ आली. मी पर्स खाली ठेवली. जिंकल्यासारखं काहीही वाटलं नाही. इतक्या थोडक्यात होण्यासारखं होतं, याचाच संताप जास्त आला.

मग मी जुने रिपोर्ट काढायला बसले. रोज दुपारी काम ओसरलं की मागच्या वर्षांतले नॉर्मल क्रिएटिनिन बघायचे आणि वय घालून पुन्हा हिशोब करायचा. वहीत नावं उतरत गेली. जवळजवळ सगळ्या बायका. बारीक, साठीच्या आसपासच्या. काजूच्या फॅक्टरीत बसणाऱ्या, भात लावणाऱ्या, देवगडकडच्या बागांत आंबे भरायला जाणाऱ्या, एक निवृत्त मुख्याध्यापिका. कोणाचाच आकडा ठळक छापलेला नव्हता. आम्ही त्यांना नॉर्मल सांगून घरी पाठवलं होतं.

मी फोन करायला सुरुवात केली. मालकांना सांगून. ते म्हणाले, "लॅबचं नाव खराब होईल." मी म्हटलं, "होऊ दे." बऱ्याच जणी आल्या. पुन्हा तपासल्यावर काहींचं ठीक निघालं, काहींना मी गोव्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. एकीच्या नवऱ्यानं फोन घेऊन मला सुनावलं की पैसे काढायचे धंदे आहेत. मुख्याध्यापिकांनी नीट ऐकून घेतलं, आभार मानले आणि विचारलं, "तुम्ही चुकलात असं लेखी द्याल का?" मी हो म्हटलं. त्यांनी अजून मागितलेलं नाही.

आतल्या एका गावात फोन सुनेनं उचलला. मी सासूबाईंचं नाव घेऊन सांगितलं की जुन्या रिपोर्टमध्ये एक गोष्ट दिसलीय, त्यांना एकदा घेऊन या.

"ती डायलिसिसवर आसा," सून म्हणाली. "आठवड्यातसून तीनदा घेवन जातव. वरीस झाला." मग म्हणाली, "तुमका आता दिसला?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं शिवी दिली नाही. फोन ठेवला. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आज बायचा आकडा एक पॉइंट नऊवर थांबलाय. सव्वा वर्ष होऊन गेलं, तिथेच आहे. लघवीतली प्रथिनं अर्ध्यावर आली. डायलिसिस नाही. गोव्याच्या डॉक्टर म्हणतात की असंच राहिलं तर बरीच वर्षं काढता येतील. पाच वर्षं आधी सुरू केलं असतं तर, हा प्रश्न मी त्यांना आता विचारत नाही. फॅमिली डॉक्टर बाजारात भेटले तर मान हलवतात, मीही हलवते. त्यांच्या चिठ्ठ्यांवर आता लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लिहिलेली येते. दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.

बायनं मला एकदाही दोष दिला नाही. ते मला सहन होईना. परवा तिच्या स्वयंपाकघरात मी तिच्यावरच उखडले. गुडघे दुखत असताना तिनं पुन्हा सहा माणसांची बुकिंगं घेतली होती. मी म्हटलं, "तुका काय समाजता की नाय? माझ्यावर तरी राग येवंदे तुका! पाच वर्षां मी तुका खोटा सांगलंय."

ती कोकमं पिळत होती. हात न थांबवता म्हणाली, "राग येता मा. येवचो नाय कसो? हॉस्पिटलात तुझ्याकडे बघूक नको वाटा होता. फाइल घेवन बसली होतंस ती, तीच फाइल तुझ्या टकलेत घालीन असा वाटला."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तू रडली असतंस. मगे तुका समजावूचा कोणी? मीच." तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर विळी सरकवली. "आता हडे बस आणि नारळ खवण. दीड वाजता पानां मांडूची आसत."

मी बसले. ती बाहेर जाऊन गिऱ्हाइकांना विचारून आली की मासे तिखट चालतील का.